फिरती प्रत: 'डायरी ऑफ अ नोबडी' सहा वाचनमित्रांत फिरवायची तर

पानखूण (धागाकर्ता)

घरातल्या नात्यांवरची विनोदी कादंबरी एकट्याने वाचली की अर्धीच वाचून होते. उरलेली अर्धी दुसऱ्याने वाचल्यावर कळते, कारण बापाची बाजू कोणाला दिसते, मुलाची कोणाला, आणि बायकोची बाजू बहुतेकांना दुसऱ्या वाचनात दिसते. म्हणून हे पुस्तक प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा एकच प्रत हातोहात फिरवावी असं मला मनापासून वाटतं. ती कशी फिरवायची, यासाठी हा धागा.

पुस्तक: 'द डायरी ऑफ अ नोबडी'. लेखक जॉर्ज आणि वीडन ग्रॉसस्मिथ, सख्खे भाऊ. मजकूर आधी १८८८-८९ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात क्रमशः आला आणि भर घालून १८९२ मध्ये पुस्तक झालं. चित्रं वीडनची. चार्ल्स पूटर हा लंडनमधल्या एका कचेरीतला कारकून. बायको कॅरी, मुलगा ल्यूपिन, मोलकरीण सारा, आणि रोज टपकणारे दोन मित्र, कमिंग्ज आणि गोइंग. हॉलोवे भागात रेल्वेरुळांना लागून भाड्याचं घर. गाड्यांचा आवाज येतो म्हणून मालकाने भाड्यात २ पौंड कमी केलेले. एवढाच संसार.

वेळेचा हिशोब: प्रकरणं २४. रोज दोन वाचली तर १२ दिवस, वर २ दिवस टिपणं लिहायला. म्हणजे वाचकागणिक १४ दिवस. पुढच्याकडे पोचायला ७ दिवस धरा. सहा वाचक गुणिले २१, म्हणजे १२६ दिवस, बरोबर १८ आठवडे. १ नोव्हेंबरला प्रत निघाली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत येते. पावसाळा टाळायचाच, त्याचं कारण खाली कुणीतरी लिहीलच.

सहापेक्षा जास्त वाचक घेऊ नका. सातव्याकडे प्रत जाईपर्यंत पहिला वाचक तपशील विसरलेला असतो आणि चर्चा बसत नाही. माणसं जास्त असतील तर दोन प्रती काढा.

---

माजघर

आवृत्ती निवडताना चार गोष्टी दुकानातच उघडून बघा.

एक, २४ प्रकरणं आहेत का. दोन, वीडनची रेखाचित्रं आहेत का. स्वस्त छपाईत ती गाळतात आणि मोठं नुकसान होतं, कारण पूटर स्वतःला जसा समजतो आणि चित्रात जसा दिसतो यातलं अंतर तिथेच कळतं. तीन, पौंडाची खूण नीट छापली आहे का. जुन्या प्रतीवरून यंत्राने अक्षरं ओळखून छापलेल्या पुस्तकांत ती खूण गळते किंवा तिथे भलतंच अक्षर येतं. या कुटुंबातली निम्मी भांडणं पैशाची आहेत, आकडा चुकला की प्रसंगच कळत नाही. चार, रोजच्या नोंदीची तारीख वेगळी उठून दिसते का. ती परिच्छेदात बुडाली असेल तर ती आवृत्ती घेऊ नका.

दोन्ही लेखक अनुक्रमे १९१२ आणि १९१९ मध्ये वारले, त्यामुळे मजकुरावर आता स्वामित्वहक्क नाही. परदेशात असलेल्या मित्रांना प्रत पाठवायचा खर्च करू नका. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट आहे, लिब्रिवॉक्सवर मोठ्याने वाचलेलं ध्वनिमुद्रणही आहे. ते लोक त्यावरून सामील होऊ शकतात.

---

पानखूण

माजघर, तारखेचा मुद्दा फारच कामाचा. त्यावरून एक नियम ठरवून टाकू: टिपण लिहिताना पान क्रमांक लिहायचा नाही, नोंदीची तारीख लिहायची. 'पान ४७' हे फक्त त्या एका आवृत्तीत खरं असतं. '२७ एप्रिल' लिहिलं की छापील प्रतवाला, फोनवर वाचणारा आणि ऐकणारा, तिघेही त्याच ओळीवर येतात. पुस्तकच डायरी असल्यामुळे ही सोय आयती मिळाली आहे.

---

सातवी ओळ

प्रतीच्या समासात पेन्सिलीने खुणा करू द्यायच्या का? माझं मत आहे, द्याव्यात. आधीच्या वाचकाची खूण भेटली की सोबत असल्यासारखं वाटतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात ते चूक, पण ही तर मित्रांचीच प्रत.

---

पानखूण

सातवी ओळ, इतर कुठल्याही पुस्तकासाठी मी हो म्हटलं असतं. या पुस्तकासाठी ठाम नाही.

यातला विनोद कसा चालतो ते एका प्रसंगात बघा. (कथानक फुटणार आहे. ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

पूटर लाल एनॅमल रंगाचे डबे आणतो. आधी बागेतल्या कुंड्या रंगवतो. छान दिसतात. मग मोलकरणीच्या खोलीतलं हात धुण्याचं घडवंचीवजा टेबल, टॉवेल वाळवायची चौकट, खणांचं कपाट. तिला ते आवडत नाही. पूटर नोंद करतो की खालच्या वर्गाला रुची नसते. मग कोळशाची बादली. मग शेक्सपिअरच्या ग्रंथांच्या पाठी, कारण बांधणी झिजली होती. मग आंघोळीचा टब. कॅरी नाराज होते, त्यावर तो म्हणतो, हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न आहे. दोन दिवसांनी तो कडकडीत पाण्यात बसतो आणि हात वर काढतो तर लालभडक. नस फुटली, आपण संपलो, असं त्याला वाटतं. रंग गरम पाण्यात सुटला आहे हे वाचकाला त्याच्या आधी कळतं.

यात हसू टबात येतं, पण त्याची तयारी कुंडीपासून चालू असते. प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते, आधीच्या पायरीपेक्षा फक्त बोटभर पुढे. आता समजा आधीच्या वाचकाने शेक्सपिअरच्या ओळीपाशी उद्गारचिन्ह काढून ठेवलं. पुढचा वाचक तिथे थांबतो, 'इथे हसायचं आहे' असं समजतो आणि चढण तुटते. पूटरला आपण हास्यास्पद आहोत हे ठाऊक नाही, म्हणून हे पुस्तक चालतं. समासातली खूण वाचकाला ते आधीच ठाऊक करून देते.

---

सातवी ओळ

पण मग प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर सारांश दिलेला आहे, त्याचं काय? त्यात काय घडणार ते लेखकांनीच सांगून टाकलंय. तोही झाकून ठेवायचा का?

---

पानखूण

नाही, तो वाचायचा, आणि आधीच वाचायचा. तो सारांश पूटरच्याच तोंडचा आहे. टबाचं काय झालं हे तो त्याच गंभीर सुरात सांगतो. काय घडणार हे कळल्याने हसू जात नाही. गणपतीच्या कीर्तनात गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी माणसं हसतातच. बाहेरच्या माणसाने विशिष्ट शब्दावर बोट ठेवलं की ते जातं. दोन्हींत फरक आहे.

म्हणून पद्धत अशी ठेवू. प्रतीत एक साध्या कागदाची पट्टी, पुस्तकाच्या उंचीएवढी, ४ सेंटीमीटर रुंद. वाचताना त्यावर तारीख आणि दोन शब्द लिहायचे. वाचून झालं की पट्टी आपल्याकडे ठेवायची, प्रतीबरोबर पाठवायची नाही. नवीन वाचकाला कोरी पट्टी. सगळ्यांचं वाचून झाल्यावर सहा पट्ट्या शेजारी ठेवायच्या. सहाही जणांनी लिहिलेल्या तारखा कोणत्या आणि एकानेच लिहिलेली कोणती, चर्चा तिथून सुरू करावी.

---

सातवी ओळ

पटलं. उद्गारचिन्ह मागे घेतो.

---

खळवाला

प्रतीच्या तब्येतीबद्दल लिहितो, कारण सहा हातांतून गेलेलं पुस्तक चौथ्या हातात सुटं होतं हा नेहमीचा अनुभव असतो, आणि तो टाळता येतो.

कागदी बांधणीची पुस्तकं बहुतेक शिवलेली नसतात, पाठीला गोंद लावून चिकटवलेली असतात. नवीन प्रत मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबली की गोंदाला चीर जाते आणि पुढे तिथूनच पानं निघतात. म्हणून पहिल्या वाचकाकडे जाण्याआधी प्रत 'मोकळी' करून द्या. पुस्तक पाठीवर उभं धरा. पुढून आठ-दहा पानं हलक्या हाताने खाली बसवा, मग मागून तेवढीच. असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. वाचताना पुस्तक पूर्ण आडवं न उघडता हातात थोडं मिटतं धरा.

पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका. तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडल्यावर डाग राहतो. पांढरा फेविकॉल बारीक कुंचल्याने सुट्या पानाच्या आतल्या कडेला फक्त २-३ मिलिमीटर लावा, पान कडेला कड जुळवून सरळ बसवा, दोन्ही बाजूंना मेणकागद घाला आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती गोंद जास्त लावण्याची. जास्तीचा गोंद दाबाखाली बाहेर येतो आणि शेजारची दोन पानंही चिकटतात. मेणकागद विसरलात तरी तेच. कडेला बारीक फाट असेल तर पातळ पांढरा टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची खळ. पतंगाचा रंगीत कागद वापरू नका, ओल लागली की रंग सुटतो.

कव्हर खाकी कागदाचं घाला, पण ते पुस्तकाला चिकटवू नका. दुमडलेल्या कडा आत सरकवायच्या आणि चिकटपट्टी लावायचीच असेल तर कागदाला कागद जोडायला. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या, रबरबँड, टाचण्या, पानांचे कान दुमडणं, चारही बंद.

आता पावसाळा. दमट हवेत कागद पाणी ओढतो, फुगतो, गोंद नरम पडतो आणि बुरशी धरते. जुलैत टपालाच्या पिशवीत चार दिवस काढलेली प्रत लहरी होऊन येते. त्यातून पाठवावीच लागली तर प्रत झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. ओलसर प्रत आली तर कडक उन्हात टाकू नका, मुखपृष्ठ वाकतं आणि कागद पिवळा पडतो. पंख्याखाली उभी ठेवा, पानं पंख्यासारखी थोडी उघडी. कसर दिसली तर डांबराच्या गोळ्या पुस्तकात ठेवू नका, तो वास पुढच्या पाचही जणांना सोसावा लागतो. मऊ कुंचल्याने पानांच्या मुळाशी साचलेली धूळ झाडा, कसर तिथेच राहते.

---

नागपूरकर वाचक

टपालाचं मी सांगतो. छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. माल रस्त्याने आणि रेल्वेने जातो, विमानाने नाही, त्यामुळे वेळ लागतो. पानखूण यांनी धरलेले ७ दिवस म्हणूनच योग्य आहेत. पाकिटाचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. नियतकालिकं यात चालत नाहीत. घाई असेल तर स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर ते मागू नका.

३०० ग्रॅमची मर्यादा पाळायची युक्ती: आधी बांधा, मग घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोला. नुसतं पुस्तक तोलून निघालात की खोक्याच्या पुठ्ठ्याचे २०-३० ग्रॅम विसरता आणि खिडकीवर वरचा दर लागतो. बांधणी अशी: पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठे. पुठ्ठा पुस्तकाएवढाच कापला तर आपटल्यावर कोपरे पुस्तकाचेच दुमडतात. वर मजबूत कागद. पत्ता देवनागरीत चालतो, पिनकोडचे सहा आकडे मात्र सुटे सुटे आणि ठळक. पिशवीच्या आत पत्त्याची दुसरी चिठ्ठी टाका, वरचा कागद फाटला तर ती उपयोगी पडते.

क्रम गावावरून लावा. तिघे पुण्याचे, एक नाशिक, एक नागपूर, एक पणजी असेल तर पुण्याचे तिघे सलग. त्यांच्यात प्रत हातोहात जाते. मग नाशिक, नागपूर, पणजी आणि परत पुणे. पाकिटं चारच. ८० रुपये आणि कर.

---

ओवी

एक सुचवू का? प्रतीबरोबर एक छोटी वही फिरवली तर? प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या, पुढच्याला पत्रासारख्या.

---

नागपूरकर वाचक

ओवीताई, कल्पना गोड आहे, पण पुस्तकाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या पाकिटात हाताने लिहिलेला खासगी मजकूर घालू नये. तो दर छापील मजकुरासाठी आहे. वही पाठवायची तर स्पीड पोस्टने, किंवा पुण्यातल्या पुण्यात हाताने. नाहीतर पट्टीवरचं सगळं एका सामाईक तक्त्यात टाका: तारीख, दोन शब्द, वाचकाचं नाव. मात्र तक्ता शेवटचा वाचक संपेपर्यंत बंद ठेवा, नाहीतर समासातल्या खुणांचीच अडचण परत.

---

माजघर

आता खऱ्या गाभ्याकडे. या पुस्तकातलं नात्यांचं गणित.

वरवर वाचलं तर बाप आणि मुलगा यांचं पुस्तक वाटतं. ल्यूपिन ओल्डमच्या बँकेतली नोकरी गमावून घरी येतो. घरी त्याला 'विली' म्हणत, ते नाव तो टाकून देतो आणि 'ल्यूपिन' म्हणा म्हणतो. बापाला 'गव्ह' ('गव्हर्नर'चं तोडकं, थट्टेतलं रूप) म्हणतो. हौशी नाटकमंडळीत जातो, डेझी मटलर नावाच्या मुलीशी लग्न ठरवून मोकळा होतो, शेअरबाजारात पडतो. पूटरला २१ वर्षांच्या नोकरीनंतर वर्षाला १०० पौंडांची बढती मिळते आणि तो ती घरात समारंभाने जाहीर करतो. लगेच ल्यूपिन सांगतो की शेअरच्या एका व्यवहारात मला २०० पौंड मिळाले. ही जागा वाचताना आकडे मनात पक्के धरा. १०० हे बापाला वर्षभर राबून मिळणार आहेत. २०० मुलाला एका बातमीवर मिळाले आहेत.

पण पुस्तक ज्याच्यावर उभं आहे तो खांब कॅरी आहे, आणि ती पटकन दिसत नाही, कारण डायरी नवऱ्याची आहे. ती काय म्हणाली हे आपल्याला त्याच्या लेखणीतूनच कळतं. म्हणून तिच्यासाठी वेगळं वाचन करा. फक्त तिच्या बोलण्याच्या नोंदी काढा. तीन गोष्टी दिसतील.

पहिली: पूटरच्या कोट्यांना ती हसते. शर्टाच्या बाह्या विरल्या, त्यावर तो इंग्रजीत 'विरलेल्या' आणि 'भीती वाटते' या सारख्या उच्चारांच्या शब्दांची कोटी करतो आणि दोघं लोळेपर्यंत हसतात. अशा घरगुती, फुसक्या कोट्या दोघांनी मिळून हसाव्यात, यातच त्या संसाराची ऊब आहे. दुसरी: मुलाच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमी मुलाकडे. बाप शिस्त लावायला जातो आणि आई बाजूला उभी नसते. तिसरी: तिचं स्वतःचं बाहेरचं जग आहे, सटनच्या मिसेस जेम्स ही मैत्रीण. तिच्या नादाने घरात नवी फॅशन येते, पुढे टेबल हलवून आत्म्यांशी बोलण्याचे प्रयोगही येतात. पूटर चिडतो, लिहून ठेवतो, आणि शेवटी चालवून घेतो.

कमिंग्ज आणि गोइंग नात्याचे नाहीत, पण पुढच्या दहा पायऱ्यांच्या दाराने न येता बाजूच्या दाराने येतात. यातच सगळं आलं. बाजूच्या दाराने येणारा माणूस घरचा. घरच्यासारखं येतात आणि घरच्यासारखाच अपमान करतात.

---

ओवी

माजघर, बाजूच्या दाराचं वाचून फार आनंद झाला. आपल्याकडे मागीलदारी येणारा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोठ्याने वाचून मराठीत सांगणाऱ्यांसाठी एक अडचण मांडते. इंग्रजीत सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलतात. मराठीत तोंड उघडलं की तू की तुम्ही ठरवावंच लागतं, आणि तिथेच नातं ठरून जातं.

ल्यूपिन बापाला 'तू' म्हणाला तर तो आजचा लाडका मुलगा होतो. आज कित्येक घरांत 'बाबा, तू' चालतं, त्यात उद्धटपणा उरत नाही. 'तुम्ही' ठेवलं तर तो फार सालस होतो. माझं मत: 'तुम्ही'च ठेवा आणि 'गव्ह'साठी 'मालक' घ्या. 'मालक, तुम्ही आपलं ऑफिस सांभाळा' असं एखादं वाक्य करून बघा. आदरार्थी क्रियापद आणि वर थट्टेचं संबोधन. बापाला रागावताही येत नाही आणि गिळताही येत नाही, मूळातला पेच तसाच येतो.

कॅरीचं उलट. १८८८ म्हटल्यावर मराठी बाईच्या तोंडी 'अहो', 'इकडून' घालायचा मोह होतो. तो आवरा. ती नवऱ्याला नावाने, चार्ली म्हणून हाक मारते आणि त्याला तोंडावर खुळा ठरवते. 'अहो' घातलं की ती दबलेली वाटते आणि वर माजघर यांनी दाखवलेला खांबच कोसळतो. 'चार्ली, तू' हेच बरोबर. सारा मात्र मालकांशी 'साहेब, तुम्ही'.

आणि गोइंग, कमिंग्ज या नावांवरची कोटी. एकाच्या नावात 'जाणारा', दुसऱ्याच्या नावात 'येणारा', आणि दोघं नेमके उलटे वागतात. हिचं भाषांतर करत बसू नका. नावांचा अर्थ वाचन सुरू होण्याआधीच ओळखीत सांगून टाका. कोटी आली की ऐकणाऱ्याला आपोआप कळते. मध्येच थांबून सांगितलंत की ती गेली.

---

खळवाला

ओवी, 'मालक' पटलं. पैशाची ओळखही त्याच वेळी द्या: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. बाकी आजच्या रुपयांत किती ते सांगू नका, त्याने काही कळत नाही. पूटरचे १०० आणि ल्यूपिनचे २०० एकमेकांशेजारी ठेवले की पुरतं.

---

नागपूरकर वाचक

सोबत वाचायला मराठीत काय? चिं. वि. जोशींचा चिमणराव सुचवतो. तोही कारकून, तोही स्वतःच्याच तोंडाने घरची हकिगत सांगणारा, बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू आणि भाऊ लागणारा गुंड्याभाऊ. एकसंध कादंबरी नाही, सुट्या कथा आहेत, पण कुटुंब एकच असल्यामुळे सलग वाचता येतात. जोशी पालीचे पंडित, बडोद्याला प्राध्यापक होते. ते १९६३ मध्ये वारले, त्यामुळे मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो या नियमाने त्यांचं लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुलं झालं आहे.

---

माजघर

उत्तम जोड, पण क्रम सांगते: आधी पूटर, मग चिमणराव. चिमणरावाकडे नात्यांची संख्या खूप जास्त, पाहुणे, सोयरे, वाड्यातली माणसं. पूटरकडे तीन माणसं आणि दोन मित्र. तीन माणसांत निवेदक कसा फसतो हे एकदा डोळ्यांना दिसलं की मग भरल्या घरात तेच शोधायला मजा येते. उलट क्रमाने पूटरचं घर ओकंबोकं वाटेल.

दोघांतला एक फरक पट्टीवर टिपण्यासारखा आहे. फजिती झाल्यावर निवेदक ती कोणाच्या माथी मारतो? पूटर बहुतेक वेळा दुकानदार, मोलकरीण, मित्र यांच्या माथी मारतो. चिमणराव काय करतो ते प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर लिहावं, इथे मी सांगत नाही.

---

सातवी ओळ

तातडीचा प्रश्न. आमच्या गटात प्रत तिसऱ्या वाचकाकडे आहे आणि ते म्हणताहेत की पानं गहाळ आहेत. उन्हाळ्यानंतरच्या नोंदींवरून एकदम ऑक्टोबरच्या शेवटी उडी. मधले पाच-सहा आठवडे नाहीतच. पान क्रमांक मात्र सलग आहेत. दुकानदाराला प्रत बदलून मागायची का?

---

खळवाला

क्रमांक सलग असतील आणि पाठीच्या आत कापलेल्या पानाची कड दिसत नसेल तर प्रत सदोष नाही. छपाईत फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) राहिला असता तर क्रमांकही तुटले असते, आणि तोही बहुधा ८ किंवा १६ पानांनी.

---

माजघर

प्रत बदलू नका. त्यांना ३० ऑक्टोबरची नोंद पुन्हा वाचायला सांगा. आपल्या डायरीतली पाच-सहा आठवड्यांची पानं कुणीतरी फाडली, म्हणून पूटरच घरभर चौकशी करतोय.

---

सातवी ओळ

कळवलं. त्यांचा फोन आला, पाच मिनिटं नुसतं हसू ऐकू येत होतं. म्हणाले, मीही आधी घरातल्यांनाच विचारलं होतं, पानं कुणी फाडली म्हणून. त्यांच्या पट्टीवर ३० ऑक्टोबर लिहून झालं आहे. प्रत शुक्रवारी नाशिकला निघेल.